दुरुस्ती द्या, बदल विचारून करा

२७ जून २०१७ रोजी न्हावा-शेव्यातल्या एका कंटेनर टर्मिनलचे संगणक बंद पडले. जवाहरलाल नेहरू बंदरातलं हे टर्मिनल मार्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या समूहाकडे होतं. कोणता कंटेनर कुठे उभा आहे, कोणता कोणत्या ट्रेलरवर चढवायचा, हे सांगणारी यंत्रणाच गेल्यामुळे काम ठप्प झालं आणि माल तुंबू लागला. उरणमधल्या कोणाचीही यात काही चूक नव्हती. आग लागली होती युक्रेनमध्ये.

तिथल्या कंपन्या कर भरण्यासाठी एम.ई.डॉक नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरत. हल्लेखोरांनी त्या सॉफ्टवेअरच्या अपडेट सर्व्हरमध्ये शिरकाव केला आणि नेहमीच्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' हा घातक प्रोग्राम ग्राहकांकडे पोचवला. म्हणजे ज्यांनी इमानाने अपडेट घेतलं, त्यांच्याच घरात चोर शिरला. आत आल्यावर तो एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरला, तो चोरलेल्या पासवर्डांच्या आणि विंडोजमधल्या एका भोकाच्या आधारे. ते भोक बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे तीन महिने आधी दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती त्यांनी चोराला पुढची दारं उघडून दिली. मार्स्कला पुढच्या काही दिवसांत जवळपास ४५ हजार संगणक आणि ४ हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले.

अपडेटच्या वादात दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीचा अर्धा भागच सांगतात, म्हणून मी या घटनेपासून सुरुवात केली. "डोळे मिटून अपडेट करा" हे अपुरं आहे आणि "मला हवं तेव्हा करीन" हेही अपुरं आहे. वाद खरा आहे तो वेगळ्याच जागी. 'अपडेट' या एका पुडीत दोन निरनिराळ्या गोष्टी बांधून दिल्या जातात. एक, तुमच्या यंत्रातला धोकादायक दोष काढून टाकणारी दुरुस्ती. दुसरी, कंपनीला हवे असलेले बदल: नवी मांडणी, नवी सोय, नवी जाहिरात, कधी जुन्या सोयीची गच्छंती. पहिलीवर ग्राहकाचा हक्क आहे. दुसरीला त्याची संमती लागायला हवी. या दोन्ही वेगळ्या करून देण्याची सक्ती कंपन्यांवर झाली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

दुरुस्ती वेळेवर होणं किती गरजेचं आहे, याबद्दल मला शंका नाही. त्याच मार्चच्या दुरुस्तीची गोष्ट घ्या. नॉटपेट्याच्या दीड महिना आधी, १२ मे २०१७ रोजी, 'वॉनाक्राय' हा दुसरा घातक प्रोग्राम आला आणि त्याच भोकातून सुमारे १५० देशांत पसरला. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत अंदाजे १९ हजार रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. तिथले बाधित संगणक फार जुनाट होते असा समज आहे, पण नंतरच्या सरकारी चौकशीत दिसलं की त्यातले बहुतेक विंडोज ७ वर होते. त्यासाठी दुरुस्ती उपलब्ध होती, फक्त बसवलेली नव्हती. ज्या रुग्णाची शस्त्रक्रिया रद्द झाली त्याच्या हातात तर यातलं काहीच नव्हतं. दुरुस्त न केलेला संगणक हा फक्त त्याच्या मालकाचा खासगी प्रश्न राहत नाही, हे मान्य करूनच पुढे बोललं पाहिजे.

मग शहाणीसुरती माणसं अपडेट का टाळतात? सुरक्षेची व्याख्यानं देणारे याला अज्ञान किंवा आळस म्हणतात. मला ते पटत नाही. मराठी छपाईच्या धंद्यातला डीटीपी ऑपरेटर पाहा. महाराष्ट्रात लग्नपत्रिका, दिवाळी अंक, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल अजूनही अनेक ठिकाणी पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर आणि श्रीलिपीच्या जुन्या फाँटांवर लागतात. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ सालची. वीस-बावीस वर्षांत जुळवलेल्या हजारो फायली त्यात आहेत, आणि त्या युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षर-पद्धतीत, आणायच्या म्हटल्या तर जोडाक्षरं फुटतात, रफार सरकतात, सगळं पुन्हा तपासावं लागतं. हे चालण्यासाठी विशिष्ट विंडोज, विशिष्ट ड्रायव्हर आणि संगणकाच्या पाठीमागे लावलेला डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरच्या परवान्याची किल्ली, लागतो. एका रात्रीत विंडोज बदललं आणि सकाळी डोंगल ओळखला गेला नाही, तर त्या दिवसाचा धंदा बुडाला. म्हणून तो माणूस इंटरनेटची वायरच काढून ठेवतो आणि फायली पेनड्राइव्हने नेतो-आणतो. त्याच पेनड्राइव्हवरून व्हायरस येतात, हे त्यालाही ठाऊक आहे. दोन धोके समोर ठेवून त्याने त्यातला कमी खर्चाचा निवडला. त्याला जर कोणी खात्रीने सांगितलं असतं, की "फक्त भोक बुजवतो, तुझ्या बाकी कशालाही हात लावत नाही," तर त्याने वायर काढली नसती.

फोनवरही हेच. ज्याच्याकडे ३२ जीबीचा फोन आहे आणि दिवसाला दीड जीबीचा पॅक आहे, त्याला एक-दोन जीबीचं अपडेट म्हणजे त्या दिवसाचा सगळा डेटा. शिवाय जागा करायला कोणते तरी फोटो काढून टाकायचे. अपडेटनंतर फोन हळू झाला, बॅटरी उतरायला लागली, स्क्रीनवर हिरवी रेघ आली, अशा तक्रारी मोबाईल दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात ऐकायला मिळतात. प्रत्येक तक्रारीला अपडेटच कारण असतं असं नाही, जुनी बॅटरीही असते. पण लोकांचा अनुभव निराधार नाही. आयफोन मंद करणारा बदल आपण अपडेटमधून घातला होता हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं. जुन्या बॅटरीवर फोन अचानक बंद पडू नये, हे त्यामागचं कारण तांत्रिकदृष्ट्या समजण्यासारखं होतं. गैर होतं ते न सांगणं. बॅटरी बदलली तर फोन पूर्ववत होईल हे माहीत नसलेल्या लोकांनी नवे फोन घेतले. ऑक्टोबर २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने ॲपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला. ज्या फोनांना पेलणार नाही अशी अपडेट घ्यायला लोकांना भाग पाडलं आणि मागे फिरण्याचा मार्ग ठेवला नाही, असं त्या प्राधिकरणाने म्हटलं होतं.

महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी तर हा प्रश्न रस्त्यावर मांडला. त्यांना कामासाठी दिलेले फोन २०१९ चे, २ जीबी रॅमचे. २०२१ मध्ये केंद्राचं पोषण ट्रॅकर ॲप आलं. ते या फोनवर धड चालेना, आणि तेही इंग्रजीत. त्या वर्षी ऑगस्टमध्ये सेविकांनी जिल्ह्याजिल्ह्यांत हे फोन सरकारला परत केले. बालकांची वजनं आणि उंची नोंदवणाऱ्या बाईला सॉफ्टवेअर वाढत गेल्याची किंमत मानधनातून मोजायला लावणं हा अन्याय होता, आणि त्या संघटित असल्यामुळे तो निदान बोलला तरी गेला. एकट्या ग्राहकाला परत करायला कोणाचं दार नसतं.

आता ज्या घटनेने माझं मत पक्कं झालं ती सांगतो. १३ सप्टेंबर २०१६ रोजी जगभरातल्या एचपीच्या अनेक प्रिंटरनी एकाएकी दुसऱ्या कंपन्यांची शाईची कार्ट्रिज नाकारायला सुरुवात केली. आदल्या दिवसापर्यंत तीच कार्ट्रिज चालत होती. काही महिने आधी आलेल्या फर्मवेअरच्या, म्हणजे प्रिंटरच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या, अपडेटमध्ये ही तारीख दडवून ठेवलेली होती. कंपनीने या व्यवस्थेला नाव दिलं होतं 'डायनॅमिक सिक्युरिटी'. ज्या देशात तालुक्याच्या ठिकाणीही कार्ट्रिज रिफिल करून देणारी दुकानं आहेत, तिथल्या वाचकाला याचा अर्थ फोडून सांगावा लागू नये. इथे धोका ग्राहकाला नव्हता, कंपनीच्या शाईच्या विक्रीला होता. ओरड झाल्यावर एचपीने तो अडथळा काढणारं फर्मवेअर दिलं खरं, पण ते ज्याने त्याने शोधून बसवायचं होतं. अडथळा मात्र आपोआप आला होता.

एकदा असं झालं की पुढच्या प्रत्येक 'सुरक्षा अपडेट'कडे माणूस संशयाने पाहतो, आणि तो संशय रास्त असतो. विंडोज १० च्या प्रसाराच्या वेळी, २०१६ मध्ये, अपग्रेडची खिडकी कोपऱ्यातल्या लाल फुलीवर दाबून बंद केली तरी तो होकार धरला जात होता. वर्षानुवर्षं 'फुली म्हणजे नको' हे ज्या कंपनीने लोकांना शिकवलं, तिनेच ते उलटवलं. आपण मर्यादा ओलांडली, हे नंतर तिच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने कबूल केलं. ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटमध्ये काही लोकांच्या फायली पुसल्या गेल्या आणि ते थांबवावं लागलं. अशा आठवणी घेऊन जो माणूस 'नंतर आठवण करा' वर बोट ठेवतो, त्याला मी अडाणी म्हणणार नाही. सुरक्षेसाठी सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे कंपनीकडून आलेली दुरुस्ती निर्धास्तपणे बसवावी असा विश्वास. तो विश्वास कंपन्यांनी शाई, जाहिराती आणि नव्या आवृत्तीचे आकडे फुगवण्यासाठी खर्च करून टाकला. त्यामुळे दुरुस्तीविना राहिलेल्या संगणकांची मोठी जबाबदारी मी ग्राहकावर नाही, त्यांच्यावर ठेवतो.

यावर कंपन्यांचं उत्तर ठरलेलं असतं. ते पोकळ नाही. प्रत्येक ग्राहकाने वेगवेगळी दुरुस्ती घेतली किंवा टाळली, तर असंख्य प्रकारची मिश्रणं तयार होतात. ती सगळी तपासणं अशक्य आहे. जुन्या आवृत्त्या सांभाळायला माणसं लागतात, पैसा लागतो. सगळ्यांना एकाच आवृत्तीवर आणलं की दोष लवकर सापडतात. हे खरं आहे.

पण मग मोठ्या ग्राहकांना हीच सोय कशी मिळते? मायक्रोसॉफ्ट एलटीएससी नावाची विंडोज संस्थांना देतं. तिच्यात वर्षानुवर्षं नव्या सोयी येत नाहीत, फक्त दुरुस्त्या येतात. वैद्यकीय यंत्रं, एटीएम, कारखान्यातली नियंत्रण यंत्रणा यांच्यासाठी ती आहे, कारण तिथे मध्येच काही बदललेलं चालत नाही. मोझिला २०१२ पासून आपल्या फायरफॉक्स ब्राउझरची अशीच संथ आवृत्ती संस्थांसाठी काढतं. डेबियन हा लिनक्सचा (विंडोजसारख्याच एका मुक्त प्रणालीचा) प्रकार तर मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर चालतो, आणि त्याच्या स्थिर आवृत्तीत नव्या आवृत्तीतली दुरुस्ती तेवढी उचलून जुन्या आवृत्तीत बसवण्याचं काम तीन दशकं चाललं आहे. ॲपलनेही २०२१ मध्ये आयओएस १५ ही आयफोनच्या प्रणालीची नवी आवृत्ती आल्यावर सांगितलं होतं, की ज्यांना १४ वरच राहायचं आहे त्यांनी राहावं, सुरक्षा दुरुस्त्या मिळतील. जानेवारी २०२२ मध्ये ती सोय तात्पुरतीच होती असं म्हणून बंद केली. म्हणजे वेगळं करता येतं, करून झालेलं आहे. बँकेच्या एटीएमला जे स्थैर्य मिळतं, ते डीटीपीवाल्याला किंवा निवृत्त शिक्षकाला का नाही? तांत्रिक अडचण हे त्याचं पूर्ण उत्तर नाही. मोठा ग्राहक करार करतो, सामान्य ग्राहक 'मी सहमत आहे' वर टिचकी मारतो, एवढाच दोघांत फरक आहे.

निव्वळ सुरक्षेच्या अपडेटलासुद्धा लगाम लागतो, हे १९ जुलै २०२४ ने दाखवलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल जगभर गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. भारतात विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कंपनीने चूक लक्षात आल्यावर ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली, पण तोवर ती पसरली होती. त्यातली बोचणारी गोष्ट अशी, की अनेक सावध संस्थांनी मुद्दाम एक आवृत्ती मागे राहायचं ठरवलं होतं. नव्या आवृत्तीत काही गडबड असली तर आधी दुसऱ्यांकडे दिसेल, हा त्यामागचा विचार. त्यांची ती निवड फक्त मुख्य प्रोग्रामला लागू होती. ही फाइल वेगळ्या वाटेने सगळ्यांकडे एकदम गेली आणि त्यांचंही यंत्र बंद पडलं. पुढे कंपनीने अशा फायलीही टप्प्याटप्प्याने सोडण्याचं आणि त्या कधी घ्यायच्या हे ग्राहकाला ठरवू देण्याचं जाहीर केलं. ग्राहकाच्या हातातला लगाम सुरक्षेच्या आड येतो असं सतत सांगितलं जातं. इथे तो लगाम नव्हता म्हणून विमानतळ थांबले.

एक अडचण मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. "जुन्या आवृत्तीवर परत जाऊ द्या" ही मागणी सरसकट मान्य करता येत नाही. जुन्या आवृत्तीत जुनी भोकं असतात, आणि चोरलेल्या फोनवर मुद्दाम जुनी आवृत्ती चढवून त्यातून शिरता येतं. म्हणून फोन कंपन्या मागचा रस्ता बंद करतात, आणि तो बंद करणं योग्यही आहे. पण हा युक्तिवाद दुरुस्तीपुरताच चालतो. बटणं कुठे असावीत, गॅलरी कशी दिसावी, कृत्रिम बुद्धिमत्तेचा सहायक हवा की नको, यात मागे फिरल्याने कुठलं भोक उघडत नाही. दोन्ही एकाच पुडीत असल्यामुळे मागे फिरण्याचा रस्ताही दोन्हींचा एकदमच बंद होतो.

युरोपने या दिशेने कायदा केला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आलेल्या त्यांच्या सायबर रेझिलियन्स कायद्याच्या मुख्य जबाबदाऱ्या डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तिथे सुरक्षेची अपडेट सोयींच्या अपडेटपासून वेगळी द्यायची, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. जिथे लागू असेल तिथे सुरक्षा दुरुस्ती आपोआप बसेल अशीच मूळ रचना असावी, पण ती बंद करण्याचा सोपा मार्ग आणि काही काळ पुढे ढकलण्याची मुभा असावी, हेही आहे. मला हा तोल बरोबर वाटतो. ज्याला तंत्र कळत नाही तो काही न करता सुरक्षित राहतो, आणि ज्याच्याकडे रास्त कारण आहे तो थांबू शकतो. ब्रिटनमध्ये तर एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती वस्तू विकताना सुरक्षा दुरुस्त्या किमान कधीपर्यंत मिळतील हे सांगावंच लागतं. आपल्याकडे दहा हजारांचा फोन घेणाऱ्याला कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे खोक्यावर ठळक दिसतं. दुरुस्ती कोणत्या तारखेला थांबेल, हे त्याने कोणाला विचारावं?

भारताकडे साधनं नाहीत असं नाही. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न'विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातल्या तेरा प्रकारांत ग्राहकाच्या मागे सतत भुणभुण लावणं आणि नको ती कृती करायला भाग पाडणं हे दोन्ही आहेत. भुणभुणीची व्याख्या व्यापारी फायद्याशी जोडलेली आहे, त्यामुळे सुरक्षेची साधी आठवण तिच्यात येणार नाही, आणि येऊही नये. पण 'आत्ता' आणि 'नंतर' एवढीच दोन बटणं दाखवून नवी आवृत्ती, क्लाउडची वर्गणी किंवा स्वतःचा ब्राउझर ग्राहकाच्या गळ्यात मारत राहणं तिच्यात बसतं, असं मला वाटतं. हा मुद्दा प्राधिकरणापुढे कोणीतरी नेला पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये आयओएस १८ च्या अपडेटनंतर फोनच्या कामगिरीबद्दल तक्रारी आल्या तेव्हा ग्राहक व्यवहार खात्याने ॲपलला नोटीस काढली होती. म्हणजे खात्याला हा विषय आपला वाटतो. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संघटनांना बिल्डर आणि विमा कंपन्यांशी झगडण्याचा दीर्घ अनुभव आहे. सॉफ्टवेअर हाही आता त्यांच्याच कामाचा भाग आहे.

नेट लावून मागितलं तर मिळतं, याचं ताजं उदाहरण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. असंख्य संगणक चांगले चालत असूनही विंडोज ११ च्या हार्डवेअरच्या अटींत बसत नाहीत. आणखी एक वर्ष सुरक्षा दुरुस्त्या हव्या असतील, तर मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांपुढे तीन पर्याय ठेवले: ३० डॉलर द्या, कंपनीचे रिवॉर्ड पॉइंट खर्च करा, किंवा संगणकाच्या सेटिंग्जचा बॅकअप कंपनीच्या क्लाउडवर चालू करा. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी याला हरकत घेतली आणि तिथल्या लोकांना हे वर्ष त्या अटींशिवाय फुकट मिळालं, कंपनीचं खातं तेवढं लागतं. दुरुस्ती तीच, भोकं तीच. ती युरोपियनांना दिली तशीच आम्हालाही द्या, असं भारताच्या ग्राहक व्यवहार खात्याने एका पत्राने विचारायला हवं. त्या जादा वर्षाची मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे.